एक्केचाळीस कवींची वार्षिकी

एका गावात एक भोळा बाइंडर होता. नाव केरबा. फाटक्या पुस्तकाची पाठ शिवायची, वहीला पुठ्ठा चढवायचा, पंचांगाला दोरा ओवायचा, या कामात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हात शहाणे होते. डोकं मात्र सांगितलं तेवढंच ऐकायचं, आणि एकदा ऐकलं की सोडायचं नाही. गावजेवणात एकदा कुणीतरी त्याला म्हणालं, "केरबा, मीठ वाढत जा." तो वाढत गेला. भात आला, आमटी आली, पंगत उठली, तरी तो पानापानावर मीठ वाढतच होता. 'आता पुरे' म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच गावात भाळवणकर मास्तर राहत. मास्तर निवृत्त झालेले, पण एक उद्योग त्यांनी सोडला नव्हता. दरवर्षी ते कवींची एक वार्षिकी काढत. नागपूर असो, बेळगाव असो, इंदूर असो नाहीतर हैदराबाद, देशात जिथं जिथं मराठीत बरी कविता लिहिली जात होती, तिथून ती मागवायची, निवडायची, आणि वसंत पंचमीला पुस्तक प्रकाशित करायचं. एक नियम होता. वार्षिकीत फक्त हयात कवी. "मेलेल्यांचं कौतुक सगळेच करतात," मास्तर म्हणत, "जिवंत आहेत तोवर कुणीतरी करायला नको का?" चोवीस वर्षं चोवीस पुस्तकं निघाली. एकही वसंत पंचमी चुकली नाही.

पंचविसाव्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. एक डोळा, मग दुसरा, मग त्यात पाणी झालं, आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मास्तरांना खाटेवर पाडलं. आलेल्या कविता काकू वाचून दाखवायच्या, मास्तर ऐकून निवडायचे. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळं जुळत आलं होतं. फक्त चार कवींच्या कविता यायच्या राहिल्या होत्या. पत्रं पाठवून झाली, उत्तर नव्हतं.

मास्तर केरबाला म्हणाले, "केरबा, यंदा पुस्तक चुकलं तर लोक म्हणतील, मास्तराचे डोळे गेले आणि वार्षिकीही गेली. मला ते ऐकवणार नाही रे."

मास्तरांनीच त्याला बाराखडी शिकवली होती, मास्तरांनीच त्याला बाइंडिंगच्या कामाला लावलं होतं. मास्तरांसाठी तो विहिरीत उडी मारायला तयार होता. मास्तरांनी तसं कधी सांगितलं नाही, हे एक बरं झालं.

"म्या जातो मास्तर," तो म्हणाला. "काय करायचं तेवढं सांगा."

"आडारकरांकडं जा. मोठा कवी आहे पण आळशी आहे. नमस्कार करायचा, समोर बसायचं, आणि कविता हातात पडल्याशिवाय उठायचं नाही."

केरबा आडारकरांच्या घरी गेला. नमस्कार केला. समोर बसला.

"कविता झालेली नाही अजून," आडारकर म्हणाले. "ती यायची तेव्हा येते."

"येऊ दे," केरबा म्हणाला.

आडारकर जेवायला बसले, केरबा समोर. आडारकर दुपारी आडवे झाले, केरबा उशाशी. आडारकर लिहायला बसले आणि मान वर केली, तर दोन हातांवर केरबा, पापणी न लववता. त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. न्हाणीघरात गेले तर केरबा दाराबाहेर पाट टाकून बसला.

चौथ्या दिवशी आडारकरांनी हात जोडले. "बाबा रे, चाळीस वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलेलं नाही. बायकोनंसुद्धा नाही. ही घे गेल्या दिवाळीतली कविता आणि जा."

केरबा कविता घेऊन आला, पण त्याच्या आधी आडारकरांचं पत्र आलं होतं. काकूंनी ते वाचून दाखवलं आणि तोंडाला पदर लावला.

मास्तर म्हणाले, "अरे, कवीसमोर असं बसतात का? कवीला एकांत लागतो. त्याला खोलीत एकटं सोडायचं, आपण दाराबाहेर थांबायचं, आणि कविता पुरी होईतो कुणाला म्हणून आत जाऊ द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं मास्तर. पक्कं बसलं डोक्यात."

बसलंच होतं. केरबाच्या डोक्यात बसलेलं उठत नसे, हीच तर अडचण होती.

दुसरं नाव होतं कुमुदिनीताई हुलवळे यांचं. केरबा पोचला तेव्हा कुमुदिनीताई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं, "कविता तयार आहे, फक्त नीट उतरवून देते. जरा थांबा हं बाहेर." केरबाला हायसं वाटलं. सगळं मास्तरांनी सांगितल्यासारखंच चाललं होतं. तो अंगणाच्या फाटकात आडवा उभा राहिला.

थोड्या वेळानं जीप आली. फेटा बांधलेले एक गृहस्थ उतरले, मागून दोन बायका, आणि कडक इस्त्रीतला एक तरुण.

"आत जाता येनार न्हाई," केरबा म्हणाला.

"अहो, आम्ही मुलगी बघायला आलोय. वेळ ठरलीय."

"मुलगी आत हाय, पन तिची आई बी आत हाय. आईची कविता व्हायचीय."

"किती वेळ लागेल?"

"मागल्या येळेला चार दिस लागले."

गृहस्थांनी फेटा सारखा केला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मुलगा जीपमध्ये जाऊन बसला. घरात कांदेपोहे झाले होते, मुलगी साडी नेसून बसली होती, कुमुदिनीताई शेवटचं कडवं उतरवत होत्या, आणि जीप वळून निघून गेली.

कुमुदिनीताईंनी कविता दिली ती फेकून दिली. मुलीनं मात्र केरबाला दोन बशा पोहे खायला घातले. तिला तो मुलगा फोटोतच आवडला नव्हता, पण ते इथं महत्त्वाचं नाही.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पट्टीवरच लागला.

"केरबा, दारात आलेल्या माणसाला हाकलतात का? हाताला धरून आत आणावं, बसवावं, पाणी द्यावं. कशासाठी आलात, काय हवं, ते विचारावं. आणि जे हवं असेल ते देऊन हसतमुखानं वाटे लावावं. ही आपली रीत."

"कळलं मास्तर."

"खरंच कळलं?"

"हाताला धरायचं. आत आनायचं. पानी. काय हवं ते द्यायचं. हसायचं."

मास्तरांना यात काही चुकीचं सापडलं नाही. ते थोडे अस्वस्थ झाले, पण सापडलं नाही.

तिसरे कवी होते प्राध्यापक ओतूरकर. एकटे राहत. घरभर कागद. खुर्चीवर कागद, खाटेखाली कागद, मोरीच्या कट्ट्यावरसुद्धा कागद. दोन वर्षांच्या कविता होत्या, अजून एकही छापायला दिलेली नव्हती.

"यातली हवी ती निवडून देतो," ओतूरकर म्हणाले. "आंघोळ करून येतो, तोवर बसा. घर आपलंच समजा."

केरबानं घर आपलंच समजलं.

तेवढ्यात रस्त्यावर आरोळी आली, "रद्दीऽऽ पेपर!" एक रद्दीवाला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. केरबा धावत गेला. त्याचा हात धरला. रद्दीवाला घाबरला, हात सोडवायला लागला.

"मी काय नाय केलं साहेब!"

"आत या. बसा. पानी घ्या."

रद्दीवाला तीस वर्षं त्या गल्लीत फिरत होता. त्याला आजवर कुणी बसा म्हणालं नव्हतं. तो खुर्चीच्या काठावर बसला. पाणी प्यायला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"कशासाठी आलात? काय हवं?" केरबानं विचारलं.

"काय हवं म्हणजे... रद्दी, साहेब."

केरबानं घरभर नजर फिरवली. एवढी सोय कुठल्या घरात होते! त्यानं खुर्चीवरचं दिलं, खाटेखालचं दिलं, मोरीच्या कट्ट्यावरचं दिलं. रद्दीवाला तागडी काढायला लागला, तर केरबानं ती त्याच्या पिशवीत परत ठेवली. हसतमुखानं त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आला.

ओतूरकर टॉवेल गुंडाळून बाहेर आले. खोली केवढी मोठी आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढचा तासभर मराठीतला एक नामवंत कवी टॉवेलवर रद्दीवाल्याच्या मागे पळत होता. गठ्ठा एका शेंगदाणेवाल्याकडं सापडला, पण वरच्या चार कवितांत एका गिऱ्हाइकाला शेंगदाणे बांधून दिले होते. उरलेल्यांतली एक ओतूरकरांनी केरबाला दिली, मुकाट्यानं, आणि दार लावून घेतलं.

हे ऐकून मास्तर भिंतीकडं तोंड करून पडले. काकू हसता हसता उठून आत गेल्या होत्या.

"केरबा," मास्तर शेवटी म्हणाले, "कवीच्या घरचा कागद म्हणजे त्याचा जीव असतो. चिठोरा दिसला तरी उचलायचा, जपायचा, छातीशी धरून इथं आणायचा. कुणाला द्यायचा नाही. कुणी मागितला तरी नाही!"

"कळलं मास्तर."

चौथे कवी ज्ञानू तुपे. आडगावात राहत, शेतीत राबत आणि चांगलं लिहीत. केरबा पोचला तेव्हा अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. तुप्यांना जाऊन दहा दिवस झाले होते. आत त्यांच्या बायकोनं डोळे पुसत एक कागद आणून दिला. "वार्षिकीसाठी काढून ठेवली होती त्यांनी. पाठवायचं राहून गेलं," ती म्हणाली.

केरबाला गलबलून आलं. त्यानं कागद छातीशी धरला. मग त्याला मास्तरांचं बोलणं आठवलं. कवीच्या घरचा कागद म्हणजे कवीचा जीव. जीव तर गेला होता, निदान कागद तरी वाचवायला हवे होते. देवळीतलं रेशनकार्ड त्यानं उचललं. खुंटीवरच्या पिशवीतला सातबारा उचलला. दहाव्याच्या सामानाची यादी, थोरल्या मुलाची जन्मपत्रिका, गुरुजींच्या हातातली मंत्रांची पोथी, सगळं छातीशी धरलं आणि निघाला.

"अहो, पोथी!" गुरुजी ओरडले. "माझा विधी अर्धा राहिलाय!"

"मागितली तरी द्यायची न्हाई, असं सांगितलंय," केरबा म्हणाला, आणि पळायला लागला.

त्याच्या मागे गुरुजी, गुरुजींच्या मागे तुप्यांचा थोरला, त्याच्या मागे पिंडाला शिवायला जमलेले दोन कावळे. एस.टी. सुटायला आली होती म्हणून केरबा वाचला.

या वेळी मास्तर रागावले नाहीत. ज्ञानू गेला, हे ऐकून त्यांच्या पट्टीखालून ओघळ आला. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती, पण डॉक्टरांना ज्ञानू माहीत नव्हता.

"कागद परत पाठव," ते हळू आवाजात म्हणाले. "कविता तेवढी ठेव. ज्ञानू वार्षिकीचं वर्ष संपता संपता गेला, त्यानं कविता काढून ठेवली होती, म्हणजे तो यंदाच्या वार्षिकीत राहणार. आणि ऐक. अशा माणसाला मान द्यायची रीत असते. त्याच्या नावाभोवती जाड काळी चौकट घालायची. त्याची प्रत घरच्या माणसांच्या हातात द्यायची, सोबत सांत्वनाचे दोन शब्द. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं."

"ज्याच्यावर जीव हाय, त्याला चौकट," केरबा म्हणाला.

"हो."

"आन् प्रत घरच्यांच्या हातात."

"हो रे बाबा."

"आता कळलं मास्तर." आणि या वेळी त्याला खरोखरच कळलं होतं. इतके दिवस तो नुसता कविता गोळा करत फिरत होता. मान द्यायचं राहूनच गेलं होतं.

प्रुफं आली, काकूंनी वाचली, चुका दुरुस्त झाल्या. प्रेसमध्ये बाबाजान म्हणून जुने कंपोझिटर होते. पंचवीस वर्षं त्यांनी मास्तरांच्या शब्दावर खिळे जुळवले होते. शेवटचा हात मारायला ते बसले, तेव्हा केरबा येऊन उभा राहिला.

"चाचा, नावाभोवती काळी चौकट घालायची. जाड."

"तुप्यांच्या? घातली की."

"सगळ्यांच्या."

बाबाजाननी चष्मा वर केला. "सगळ्यांच्या म्हणजे?"

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मास्तरांचा शब्द हाय."

बाबाजाननी कवींची यादी हातात घेतली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नागपूर, बेळगाव, इंदूर, हैदराबाद.

"या अल्ला," ते म्हणाले. "कुठं एकत्र जेवायला बसले होते काय हे लोक?"

केरबाला ते माहीत नव्हतं. "जेवलेच असतील," तो म्हणाला.

बाबाजाननी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मग चाळीस चौकटी जुळवल्या. प्रेसमधल्या काळ्या पट्ट्या संपल्या, तेव्हा शेजारच्या गावातून मागवून घेतल्या.

छापलेले फर्मे केरबानं घरी नेले. दुमडले, शिवले, पुठ्ठे चढवले. आयुष्यात त्यानं इतकं सुबक काम केलं नव्हतं. काकू बघायला आल्या, तर तो म्हणाला, "हात लावू नका काकू, खळ वली हाय." काकू लांबूनच 'छान' म्हणाल्या. मुखपृष्ठ तर त्यानं कुणाला दाखवलंच नाही.

सोमवारी त्यानं चाळीस प्रती रजिस्टर टपालानं चाळीस घरी धाडल्या. पत्ता घातला, 'घरच्या माणसांस'. आत एकेक चिठ्ठी ठेवली. चाळीस चिठ्ठ्या त्यानं एकटाकी लिहिल्या: 'आपले माणूस फार मोठे होते. आमचा त्यांच्यावर जीव होता. देवापुढे कुणाचे चालत नाही. धीर धरावा. केरबा बाइंडर.' एक्केचाळिसावी प्रत तुप्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली. तिथं गुरुजी होते, त्यांनी पोथी पाठीमागे लपवली.

तोपर्यंत इकडं दुसरी एक गोष्ट घडत होती. पंचविसावी वार्षिकी म्हणून मास्तरांनी यंदा सगळ्या कवींना गावात बोलावलं होतं. आमंत्रणं महिन्यापूर्वीच गेली होती. मंगळवारी आणि बुधवारी कवी आपापल्या घरून निघाले. बायकांनी दशम्या बांधून दिल्या, मुलांनी पिशव्या स्टेशनपर्यंत नेल्या, आणि चांगली धडधाकट माणसं गाडीत बसून गेली. गुरुवारी त्यांच्या घरी पोस्टमन आला.

शुक्रवारी वसंत पंचमी. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. चाळीस कवी पुढच्या ओळींत बसून चहा पीत होते. आडारकर केरबा दिसताच खांबामागे सरकले. ओतूरकरांनी आपली शबनम पिशवी मांडीखाली घेतली. कुमुदिनीताई मुलीला घेऊन आल्या होत्या, म्हणून त्यांच्या घरी टपाल घ्यायला नवराच तेवढा उरला होता. काकू पहिल्या ओळीत कडेला, नव्या लुगड्यात बसल्या होत्या.

मास्तरांची पट्टी त्याच सकाळी सुटली होती. काळा चष्मा लावून ते व्यासपीठावर उभे राहिले. अजून सगळं धूसर दिसत होतं, पण समोर आपले कवी बसलेत हे दिसत होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "सगळे म्हणत होते, यंदा जमायचं नाही. पण केरबानं एकट्यानं जमवून आणलं. वार्षिकी निघाली. केरबा, आण रे प्रती."

टाळ्या पडल्या. केरबा आला. त्याच्या हातात लाल कापडात बांधलेली एकच प्रत होती.

"आणि बाकीच्या?"

"घरोघर पोचल्या मास्तर. घरच्यांच्या हातात."

"कुणाच्या घरच्यांच्या?"

केरबा उत्तर देणार, तेवढ्यात फाटकात एक जीप थांबली. तिच्यातून कुमुदिनीताईंचे यजमान उतरले. एका हातात वार्षिकी, दुसऱ्या हातानं डोळे पुसत. मागून एस.टी. आली आणि तिच्यातून हंबरडाच बाहेर पडला. आडारकरांची बायको, दोन सुना, व्याही. एका कवीचा अख्खा ऑफिसस्टाफ हार घेऊन आला होता. पोस्टमननं सायकल भिंतीला टेकवली आणि तारांचा गठ्ठा व्यासपीठावर ठेवला. इंदूरहून तार, हैदराबादहून तार, बेळगावहून तीन.

कुमुदिनीताई चहाचा कप हातात धरून उठल्या. यजमानांनी त्यांना पाहिलं आणि मटकन खाली बसले. आडारकरांच्या बायकोनं खांबामागून नवऱ्याला ओढून काढलं, आधी मिठी मारली, मग म्हणाली, "चार दिवस तो समोर बसला होता तेव्हाच मला शंका आली होती!" मांडवभर हाच गोंधळ. कोण रडतंय, कोण 'अगं मी आहे, हा बघ' म्हणून समजावतंय. ओतूरकरांसाठी कुणी रडायला आलं नव्हतं. ते दुसऱ्याची प्रत उघडून आपल्या नावाभोवतीची चौकट बारकाईनं बघत होते.

मास्तरांना धूसर दिसत होतं, पण ऐकू स्वच्छ येत होतं. हळूहळू त्यांच्या सगळं ध्यानात आलं. हयात कवींची वार्षिकी. पंचवीस वर्षांचा नियम.

"केरबा," ते कसेबसे म्हणाले, "ती प्रत दे इकडं. माझ्या हातात दे."

केरबानं लाल कापड सोडलं. मुखपृष्ठ त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं, काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून, खळ लावून, कोपरे जुळवून. आतल्या एक्केचाळीस चौकटींपेक्षा ही एक जास्त रुंद होती. चौकटीच्या मध्ये सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'संपादक: भाळवणकर मास्तर'.

मास्तरांनी काळा चष्मा काढला. तेवढं मात्र त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी हात पुढे केला.

"तुमच्या हातात कशी दिऊ मास्तर?" केरबा म्हणाला. "एवढं काय मला कळत न्हाई?"

तो व्यासपीठावरून खाली उतरला. केरबा सरळ काकूंसमोर जाऊन उभा राहिला, वाकून प्रत त्यांच्या ओटीत ठेवली, आणि त्याला रडू आवरेना.

"धीर धरा काकू," तो म्हणाला. "मास्तर लई मोठा मानूस हुता."